सवलत नव्हे, सोय

'टक्के किती?' असा प्रश्न गेल्या वर्षी मला करण्यात आला, तेव्हा निकालाचे दिवस होते. म्हणून मला वाटले, की चौकशी एखाद्या विद्यार्थ्याविषयी असावी. ती माझ्या जबड्याविषयी होती.

छत्रपती संभाजीनगरातील एका महाविद्यालयात मी पंचवीसहून अधिक वर्षे इंग्रजी शिकवीत आलो आहे. माझ्या उजव्या कानापुढचा जबड्याचा सांधा गेली नऊ वर्षे दुखतो, आणि वर्षातून दोन-तीन वेळा तो असा अडकतो, की तोंडात दोन बोटे शिरण्यापुरतीही जागा राहात नाही. ह्यास्तव मी एक साधा अर्ज केला होता. चार तास लागोपाठ न देता दोन तासांनंतर एक तास मोकळा ठेवावा. सव्वाशे मुलांच्या वर्गात ध्वनिक्षेपक मिळावा. आणि तोंडी परीक्षांचे सलग दोन दिवस माझ्याकडे न देता त्यांच्या बदल्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हवे तितके द्यावेत. ह्या तीन मागण्यांत एका तासाचेही काम कमी करा असे कोठे म्हटलेले नव्हते. अर्ज वाचून संबंधित गृहस्थांनी चष्मा काढला आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "सर, प्रमाणपत्र आहे का? टक्के किती?" टक्के नाहीत, असे मी सांगताच ते म्हणाले, "मग सवलत कशी देता येईल? एकाला दिली की उद्या सगळेच मागतील. शिवाय बोलता तर तुम्हांला चांगलेच येते आहे."

हे शेवटचे वाक्य खरे होते. त्या दिवशी मला चांगले बोलता येत होते. आदल्या दिवशी चौथ्या तासाला येत नव्हते आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी येईल की नाही हे सांगता येत नव्हते. ह्या गृहस्थांना मी दुष्ट म्हणणार नाही. विभागप्रमुख असताना एका सहकाऱ्याच्या पाठदुखीच्या अर्जावर 'नियमात बसत नाही' असा शेरा मी स्वतः मारलेला आहे, आणि तो मारून मी घरी येऊन शांतपणे जेवलोही आहे. तेव्हा ह्या लेखातील भांडण व्यक्तीशी नाही. आमच्या शिकलेल्या समाजात दुखण्याकडे पाहण्याची जी एक पक्की रीत होऊन बसली आहे, तिच्याशी ते आहे. आणि त्या रीतीत मीही वाढलो असल्यामुळे तिचे गुण मला आतून ठाऊक आहेत.

प्रथम हा सांधा म्हणजे काय, हे थोडे सांगावयास हवे. गुडघ्याचा सांधा सर्वांस ठाऊक असतो. जबड्याचा कोणाच्या गावीही नसतो. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले असता आत जे हलते, तेच ते. खालच्या जबड्याची गोलसर टोके दोन्ही बाजूंस कवटीच्या खोबणीत बसलेली असतात आणि मधे एक लहानशी तंतुमय चकती असते. एकाच हाडाची ही दोन टोके असल्यामुळे दोन्ही सांध्यांना जन्मभर बरोबरच हलावे लागते. एक बिघडला की दुसऱ्यावर भार येतो. शिवाय ह्यांची हालचालही दुहेरी आहे. तोंड थोडे उघडेपर्यंत सांधा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. अधिक उघडावयाचे झाल्यास टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. चकती जागेवरून घसरलेली असली, की ह्या सरकण्यात कट्-कन आवाज होतो. आणि ती परत जागी आली नाही, तर खण मधेच अडकतो. निरोगी माणसाचे तोंड साधारणपणे ४० मिलिमीटर वा त्याहून अधिक उघडते. घरगुती माप हवे असल्यास स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये शिरतात की नाही, ते पाहावे. (ही ओळ वाचून निम्म्या वाचकांची बोटे तोंडाकडे गेली असतील, अशी माझी खात्री आहे.)

पुष्कळदा सांध्यात पाहण्यासारखे काहीच सापडत नाही. दुखतात ते चावण्याचे स्नायू. ते दुखणे कानात जाते, कानशिलात जाते, मानेत उतरते. म्हणून रोगी आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, मग डोकेदुखीच्या गोळ्या खातो, मग एखादी निर्दोष दाढ काढून घेतो, आणि हे सर्व झाल्यावर त्याला कोणीतरी जबड्याविषयी विचारते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे दुखणे अधिक आढळते. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरचे जेम्स कॉस्टन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर ह्यांनी अशी उपपत्ती मांडली, की दाढा गेल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि त्यातून कानाच्या व आसपासच्या तक्रारी उद्भवतात. कित्येक वर्षे हे दुखणे त्यांच्याच नावाने ओळखले जाई. पुढे उपपत्ती टिकली नाही; दुखणे टिकले. १९८० नंतरच्या दशकात त्याच देशात चकतीच्या जागी टेफ्लॉनचा कृत्रिम तुकडा बसविण्याची टूम निघाली. ते तुकडे झिजले, त्यांच्या कणांनी हाडे पोखरली, आणि १९९० च्या सुमारास ते बाजारातून माघारी घेण्याची पाळी आली. परंतु ज्यांच्या जबड्यांत ते आधीच बसले होते त्यांचे हाल पुढे वर्षानुवर्षे चालले. आता शहाणे वैद्य शस्त्राला सहसा हात घालीत नाहीत. मऊ अन्न, ऊन शेक, थोडा व्यायाम, रात्री दातांवर बसवावयाची पट्टी, दात आवळून धरण्याची सवय मोडणे, आणि जबड्याला मधूनमधून विसावा, एवढीच त्यांची चिठ्ठी असते.

ह्या चिठ्ठीतील शेवटचे औषध कोणत्या दुकानात मिळते, हा माझा प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ आणि सहयोगी प्राध्यापकाने व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष शिकवावयाचे असते. चौदा तास हे ओझे मला कधीच जड वाटले नाही. ते चौदा तास आठवड्यात कसे पसरले आहेत, त्यावर माझा जबडा कसा राहील हे ठरते. आणि ते पसरविण्याचे काम कोणा डॉक्टरकडे नसून वेळापत्रक समितीच्या एका सहकाऱ्याकडे आहे, जो जुलै महिन्यात एका मोठ्या कागदावर शिसपेन्सिलीने चौकोन भरतो. माझे औषध त्या शिसपेन्सिलीत आहे. तिने मंगळवारचा एक चौकोन बुधवारी नेला, तर गोळ्यांची एक पट्टी वाचते. अशा वेळी 'तुमचे दुखणे, तुम्ही पाहा' असे म्हणणे म्हणजे कुलपाची किल्ली आपल्या खिशात ठेवून दुसऱ्यास दार उघडण्याचा उपदेश करण्यासारखे आहे.

घरी हा प्रश्न कसा सुटला, तेही सांगितले पाहिजे. कारण युक्तिवादाला त्याची गरज आहे. आमच्या भागात जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. ती कितीही मऊ थापली तरी चावावी लागते, आणि पहिल्याच वर्षी हे लक्षात आले की रात्रीच्या भाकरीने सकाळचा पहिला तास बिघडतो. कोणी अर्ज केला नाही, कोणी प्रमाणपत्र मागितले नाही. एके दिवशी ताटात भाकरी कढीत कुस्करून आली. थंडीत हुरड्याचे बोलावणे येते, तेव्हा इतर मंडळी शेतात बसून कोवळे दाणे चघळीत असताना माझ्यापुढे दही आणि चटणी येते. नानखलिया ह्या शहराचा मानबिंदू आहे. त्यातला खलिया मी पितो आणि नान त्यात भिजवून खातो, ह्याबद्दल माझे एक मुसलमान स्नेही मला क्षमा करीत आले आहेत. घरात आणि मित्रमंडळीत हे सर्व घडले ते कोणाच्या उपकारबुद्धीने घडले नाही. माणूस जेवावयास हवा, हे आधी ठरलेले होते. कसा जेवील, एवढेच पाहावयाचे होते. ह्याला मराठीत 'सोय' म्हणतात. सवलत ही वरून खाली दिली जाते, तिला मुदत असते, आणि ती घेणाऱ्याची मान थोडी वाकलेली असते. सोय कामासाठी असते. सभेला खुर्च्या मांडतात, ती सोय. आलेल्यांना बसण्याची सवलत दिली असे कोणी म्हणत नाही. आमच्या कचेऱ्यांतून 'सोय' हा शब्द हळूहळू नाहीसा होऊन त्याच्या गादीवर 'सवलत' केव्हा बसली, ह्याचा शोध भाषाभ्यासकांनी घेण्यासारखा आहे.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळतो. मराठवाड्यात ज्याचे तोंड नीट उघडत नाही, त्याच्याकडे लोक एका विशिष्ट नजरेने पाहतात. माझ्याच एका विद्यार्थ्याने मोठ्या काळजीने मला विचारले होते, "सर, तुम्हीसुद्धा?" त्याला गुटखा म्हणावयाचे होते. त्याचा दोष नाही. सुपारीने व गुटख्याने गालाच्या आतील अस्तर ताठ होत जाऊन तोंड उघडेनासे होते. ह्या रोगाचे वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ ह्यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांवरून केले, आणि १९५३ साली डॉ. जोशी ह्यांनी ते आपल्या देशातील रोग्यांवरून मांडले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी रोग हटलेला नाही. येथील शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाकावर मी तपासणीसाठी बसलो होतो, तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंस तशीच मंडळी होती: एक मालमोटारीचा चालक, हॉटेलात काम करणारा एक पोरगा, वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा एक तरुण. चौकशी सुरू होताच मी घाईघाईने सांगून टाकले, की मी सुपारीचे खांडदेखील खात नाही.

ते वाक्य मी पुढे कित्येक ठिकाणी उच्चारले. प्राचार्यांकडे, सहकाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे. अगदी अर्जातसुद्धा 'मला कोणतेही व्यसन नाही' असे एक कलम मी घातले होते. आज त्या कलमाची मला लाज वाटते. त्याचा अर्थ इतकाच होतो, की मी निर्दोष आहे म्हणून मला द्या. शेजारी बसलेला तो तरुण दोषी आहे, त्याला देऊ नका. त्या तरुणाचे तोंड दीड बोट उघडत होते. तो म्हणाला, की डब्यातली भाकरी जेवणाच्या सुट्टीत संपत नाही. अर्धी परत नेतो, आणि रात्रपाळीला उपाशीपोटी चक्कर येते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाच तासांच्या कामापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली, ती ज्याचे तोंड उघडते अशा माणसाचे जेवण डोळ्यांपुढे ठेवून. त्याला आणखी पंधरा मिनिटे हवी होती, आणि ती मागण्याचे धैर्य त्याला नव्हते. कारण मागितली असती तर पहिला प्रश्न 'पुड्या खातोस ना?' हाच आला असता. यंत्रात बोट गेलेल्या कामगाराला नुकसानभरपाई देताना बोट निष्काळजीपणाने गेले की कसे, ह्यावर आपण त्याच्या जेवणाची वेळ अवलंबून ठेवीत नाही. दुखणे कसे आले हा वैद्याचा प्रश्न आहे. ते घेऊन काम कसे करावयाचे हा मालकाचा आणि कामगाराचा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले, की उत्तर नेहमी नकाराचेच येते, आणि ते देणाऱ्यास आपण नीतीचे रक्षण केले असे समाधानही लाभते.

कायद्याविषयी आमच्या सुशिक्षितांत जे अज्ञान आहे, त्याची कारणे मला उमजत नाहीत. कारण ह्या विषयावरचा कायदा अवघड नाही. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले. जबड्याचा सांधा त्या एकवीसांत नाही. वाचादोषाचा उल्लेख आहे, पण तो स्वरयंत्र काढून टाकल्यामुळे किंवा मेंदूच्या विकाराने आलेल्या कायमच्या दोषासारखा असावयास हवा. जो सोमवारी बोलतो आणि गुरुवारी बोलू शकत नाही, त्याला ह्या परिशिष्टात जागा नाही. चाळीस टक्के ही जी रेघ आहे, ती आरक्षणासारख्या काही लाभांसाठी मारलेली आहे, आणि ती तेथे असावी ह्याबद्दल माझे भांडण नाही. माझ्यापेक्षा कितीतरी कठीण आयुष्य जगणाऱ्यांच्या वाट्याच्या जागा मला नकोत. परंतु ह्याच अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीची जी मूळ व्याख्या केली आहे, तिच्यात टक्के नाहीत. दीर्घकालीन उणीव आणि तिच्या वाटेत समाजाने उभे केलेले अडथळे, ह्या दोहोंच्या गाठीने ज्याचा सहभाग अडतो तो दिव्यांग, असा तिचा आशय आहे. यथोचित सोय नाकारणे ह्याला तोच कायदा भेदभाव म्हणतो. शासकीय आस्थापनेने कर्मचाऱ्यास अशी सोय दिलीच पाहिजे असे त्याचे विसावे कलम सांगते. आणि 'शासकीय' ह्या शब्दात शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात, हे अनुदानित महाविद्यालयांच्या चालकांनी एकदा व्याख्येचे कलम उघडून पाहावे. एकविसाव्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण प्रसिद्ध करावयाचे आहे. वाचकांपैकी जे नोकरीत आहेत, त्यांनी आपल्या कचेरीत ते कोणत्या फळ्यावर लावले आहे ह्याची सहज चौकशी करून पाहावी. चौकशीपेक्षा चौकशी करताना समोरच्याचा चेहरा अधिक उद्बोधक ठरेल.

ह्यावर कोणी म्हणेल, की ही सर्व प्राध्यापकी ओढाताण झाली. कायद्याचा अर्थ न्यायालय लावते. लावलेला आहे. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. लेखनिक मिळावा अशी त्याची मागणी होती, आणि आयोगाचे म्हणणे थोडक्यात तेच होते जे माझ्या अर्जावर झाले: तुम्ही ठरलेल्या वर्गात बसत नाही. न्यायमूर्ती चंद्रचूड ह्यांनी लिहिलेल्या त्या निकालाने स्पष्ट केले, की चाळीस टक्क्यांची अट आणि यथोचित सोयीचा हक्क ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. 'गैरफायदा घेतला जाईल' ह्या भीतीचाही तेथे समाचार घेतलेला आहे. लिहिणाऱ्याचा हात आणि शिकविणाऱ्याचा जबडा ह्यांत मला तरी फरक दिसत नाही. दोन्ही एरवी धडधाकट दिसतात आणि नेमक्या कामाच्या वेळी दगा देतात.

टक्क्यांची गंमत अशी आहे, की ते दोन्हीकडून कापतात. २०२४ साली महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाचेच्या दोषामुळे वैद्यकीय प्रवेशासाठी अपात्र ठरविण्यात आले, कारण त्याचे टक्के चाळिसाहून अधिक भरले. तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती गवई ह्यांच्या पीठाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगितले, की केवळ आकड्यावरून कोणास बाद करता येणार नाही. तो विद्यार्थी ते शिक्षण घेऊ शकतो की नाही, हे पाहिले पाहिजे. म्हणजे आकडा जास्त भरला तर 'तुम्हाला काम जमणार नाही', आणि कमी भरला तर 'तुम्हाला काहीच झालेले नाही'. दोन्ही वेळी माणसाकडे न पाहता कागद परत करता येतो, ही ह्या पद्धतीची खरी सोय आहे, आणि ती कोणाची आहे हे सांगावयास नको. अमेरिकेने १९९० चा आपला कायदा २००८ साली सुधारला, तेव्हा शरीराच्या मुख्य व्यवहारांची एक यादीच त्यात घातली. त्या यादीत खाणे आहे आणि बोलणेही आहे. रोगाचे नाव काय, ह्यापेक्षा माणसाचे काय अडले, हे तेथे पाहावयाचे असते. तेथील सर्व काही घेण्यासारखे नाही, पण हे घेण्यासारखे आहे.

राहिला तो हुकमी आक्षेप: 'एकाला दिले की सगळे मागतील.' हा आक्षेप आमच्या देशात इतका जुना आणि इतका सर्वत्र चालणारा आहे, की त्याला कोणी कधी पुरावा मागत नाही. माझ्या महाविद्यालयात सहा-सात सहकारी जालन्याहून रोज जा-ये करतात. त्यांचे तास गाडीच्या वेळेप्रमाणे लावलेले आहेत. गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास त्यांना दिला जात नाही, आणि हे योग्यच आहे. एका सहकाऱ्याच्या मुलाची शाळा बाराला सुटते, म्हणून त्यांची दुपार मोकळी आहे. हेही योग्यच आहे. एका वयस्क प्राध्यापकांना तळमजल्यावरची खोली कायमची मिळालेली आहे. ह्यांपैकी कोणास टक्के विचारले गेले नाहीत, आणि जालन्याचे पाहून शहरातल्या कोणीही आपल्यास जालन्यास राहावयास जायचे असे ठरविले नाही. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा शिक्के, पाट्या, पत्रांचे मथळे हे सर्व बदलले गेले. बदल करणे आमच्या कचेऱ्यांना जमत नाही, असे आता कोणी म्हणू नये. वेळापत्रक रोज वाकते. ते रेल्वेपुढे वाकते, शाळेपुढे वाकते, नवीन ग्रंथालयाच्या बांधकामापुढे वाकते. दुखण्यापुढे वाकावयास सांगितले की तेवढे ते लोखंडाचे होते. ह्याचे कारण मला असे दिसते, की गाडीची वेळ सर्वांस दिसते आणि वेदना दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते खोटे धरावे, असा आमच्या कारभाराचा अलिखित संकेत आहे. कुस्करलेली भाकरी नऊ वर्षे खाऊन एक तास मोकळा मिळविण्याचे ढोंग कोणी करील, असे ज्यांना वाटते त्यांनी आठवडाभर ती खाऊन पाहावी.

परंतु दोष एकाच बाजूचा आहे असे म्हटल्यास मी अप्रामाणिक ठरेन. पहिली पाच वर्षे मी हे दुखणे लपविले. वर्गात जबडा अडकला की मुलांना उतारा लिहावयास सांगत असे आणि खिडकीशी उभा राहून कानशिलावर तळवा दाबून धरीत असे. मुले म्हणत, सरांची ही विचार करण्याची लकब आहे. शिक्षकाने सोसावे, बोलू नये, असे माझ्या गुरुजनांनी शिकविले होते, आणि ते शिक्षण मी एखाद्या दागिन्यासारखे मिरविले. ह्या सोसण्याचा फायदा कोणास झाला? मला नाही, विद्यार्थ्यांना नाही. माझ्यामागून जे आले, त्यांना मात्र असे सांगण्याची सोय झाली, की 'सर बघा, कधी तक्रार केली नाही.'

हे वाक्य कोणास ऐकविले गेले, ते मला गेल्या हिवाळ्यात कळले. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एक तरुण मॅडम आहेत. त्यांच्या विद्वत्तेविषयी मी लिहू लागलो तर त्यांनाच संकोच होईल. त्यांना हाच विकार आहे, माझ्याहून अधिक तीव्र, आणि त्यांनी तो माझ्यापासूनही दोन वर्षे लपविला. मी अर्ज केल्याचे कळल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचं ठीक आहे." त्यात कडवटपणा नव्हता, हिशेब होता. मला एक तास मोकळा मिळाला तर माझे वेतन तेवढेच राहते. त्यांचा एक तास गेला तर त्या तासाचे पैसे जातात. शिवाय जुलैत पुन्हा मुलाखत आहे, आणि ज्या उमेदवाराचा जबडा दुखतो तिला पुन्हा बोलावलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. त्या सकाळी येथे आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात शिकवितात. दोन संस्था, दोन वेळापत्रके. दोहोंच्या मधे रिक्षात बसून त्या जबड्याला शेक देतात, गरम पाण्याची बाटली पर्समध्ये असते. 'यथोचित सोय' हा शब्द मी त्यांना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी फार आदराने ऐकून घेतले आणि विचारले, की हा अर्ज नेमका कोणाच्या नावे करावयाचा? ज्यांनी आपल्याला कर्मचारी म्हणून कधी लिहूनच दिलेले नाही, त्यांच्या नावे का? मला उत्तर देता आले नाही. ज्या राज्यातील महाविद्यालये इतक्या मोठ्या प्रमाणात अशा तासिकांवर चालतात, तेथे हा प्रश्न माझ्या अर्जापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि प्राध्यापकांच्या संघटनांनी तो हाती घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वेतन आयोगाच्या फरकासाठी आम्ही मोर्चे काढले, त्यांत मीही होतो, घोषणा देत होतो; तेव्हा जबडा ठीक होता.

माझ्या अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा आहे. ध्वनिक्षेपक मी स्वतःच्या पैशांनी घेतला. कमरेला बांधावयाचा आणि ओठांपुढे तार येणारा असा तो असतो, भाजी विकणारे वापरतात तसा. पहिल्या दिवशी मुले हसली, दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्यांनी सांगितले, की प्रथमच सगळे ऐकू आले. सोमवार ते बुधवार तो माझ्याकडे असतो. गुरुवारी सकाळी मी तो विभागाच्या कपाटात ठेवतो, आणि पुढचे तीन दिवस मॅडम नेतात. दुपारच्या महाविद्यालयात तो कोठून आणला असे त्यांना कोणी विचारले, तर भावाने दिला असे त्या सांगतात.